समुद्र धुऊन काढताना

मरीन टँकची हौस सुटते तेव्हा घरात एक छोटं गोदाम उरतं. भलीमोठी टाकी, निळे दिवे, पंप, वाळूची पोती. हौस का सुटली हे विचारायची गरज नसते. मुंबईच्या मे महिन्यात पाणी 26 अंशांच्या आसपास ठेवायला चिलर चालवा आणि विजेचं बिल बघा. शेजारच्या इमारतीतल्या एका काकांनी असा सगळा संसार माझ्या पुतण्याला देऊन टाकला. तो गोड्या पाण्याचे मासे पाळणार म्हटल्यावर घरात पहिला आक्षेप निघाला मिठाचा. "खारं लागलंय त्याला. मरतील बिचारे."

मला विचाराल तर त्या सगळ्यात मीठच निरुपद्रवी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, पण ते विरघळणारे. टाकी दोन-चारदा खंगाळली की गेले. काठावरचा टणक पांढरा-जांभळा थर म्हणजे बहुतेक चुना. तो व्हिनेगरने निघतो, बोअरच्या पाण्याने बादलीवर पडलेले डाग निघतात तसाच. साबण मात्र अजिबात नको.

भ्यायचं ते तांब्याला. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की तांबं असलेलं औषध घालायची जुनी रीत आहे. त्याने परजीवी मरतात, पण कोळंबी आणि गोगलगायीही मरतात. शिवाय चुनखडीचे दगड आणि वाळू हे तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी सकाळी उठून पिणाऱ्या घरांत हे पटवणं अवघडच! जुन्या मालकाला म्हणूनच एकच प्रश्न विचारावा: या टाकीत औषध कोणतं घातलं होतं? तो "आठवत नाही" म्हणाला, तर वाळू, दगड, स्पंज टाकून द्यावेत आणि कोळंबीचा नाद सोडावा.

औषधाचा डाग नसला, तरी वाळू आपला हेका सोडत नाही. ती मूळची शिंपल्या-पोवळ्यांची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी जड करते, पीएच 8 च्या दिशेने ओढते. ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातल्या टेट्रा आणि डिस्कसला हे मानवत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मात्र असल्याच पाण्यातले, आणि आपली साधी मॉलीही त्यात खूश असते. म्हणजे वाळू ठेवायची, तर मासे तिला विचारून आणायचे.

सगळ्यात महागडी वस्तू प्रोटीन स्किमर, आणि तीच इथे बिनकामाची. खाऱ्या पाण्यात बुडबुडे चटकन एकमेकांत मिसळत नाहीत, बारीक राहतात, आणि त्यांना चिकटून घाण फेसाबरोबर वर येते. लाट फुटल्यावर जो पांढरा फेस दिसतो, त्यामागेही हाच गुण आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे जुळून मोठे होतात नि फुटतात. स्किमरचा फेस साठवायचा कप रिकामाच राहतो. स्किमर विकून टाकावा. निळे दिवे पोवळ्यांच्या पोटातल्या शैवालासाठी असतात. पांढरा प्रकाश वेगळा लावता येत असेल तर तेवढाच, तोही बेताने, नाहीतर काचा हिरव्या होतात. पाण्यात प्रवाह उठवणारा वेव्हमेकर एंजलसारख्या संथ माशाला कोपऱ्यात ढकलत नेतो. हीटर चालतो. आरओ युनिट तर हातचं सोडूच नये.

फिल्टरबद्दल मात्र दुकानदारही चुकीचं सांगतात. "जुना आहे, जिवाणू तयार आहेत, लगेच मासे सोडा." अमोनिया पचवणारे ते जिवाणू समुद्राच्या पाण्यात वाढलेले. एकदम गोडं पाणी भरलं की बरेचसे मरतात, आणि आत साठलेला गाळ सडून अमोनिया वाढतो. त्यामुळे फिल्टरमधलं सगळं स्वच्छ धुऊन शून्यापासून सुरुवात करायची. नवे जिवाणू रुजेपर्यंत, साधारण महिना-दीड महिना, माशांविना टाकी चालवायची. अमोनियाचं जुनं किट बहुधा चालतं, फक्त रंगांचा तक्ता गोड्या पाण्याचा बघायचा. पुतण्याची टाकी सध्या या टप्प्यावर आहे. आजी रोज विचारते, नुसत्या पाण्याला एवढी वीज कशाला?