परहेज एकट्याचं नसतं

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका वलिम्याला गेले होते. शेजारी बसलेल्या बाईंनी माझी ओळख करून दिली, "या आमच्या टीचर. भात-रोटी सोडली आणि यांची शुगर कायमची गेली." लगेच चार-पाच जणींनी मला घेरलं. काय खाता, किती वाजता खाता, गोळ्या कधी बंद केल्या? मी हसत हसत दोन-चार गोष्टी सांगितल्या. त्या वेळी माझ्या पर्समध्ये मेटफॉर्मिनची पट्टी होती. ती मात्र मी कुणाला दाखवली नाही. घरी आल्यावर याची लाज वाटली, म्हणून आज सगळं लिहिते आहे.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. पाच वर्षांपूर्वी सहामाहीचे पेपर तपासताना अक्षरं पुसट दिसू लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं वाटलं. चप्पल लागून अंगठ्याला झालेली जखम महिना उलटला तरी भरेना. तपासणीत उपाशीपोटी साखर २६८ निघाली आणि एचबीएवनसी १०.८. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. माझ्या अब्बांचा पाय याच आजारात गुडघ्याखाली कापावा लागला होता. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला त्यांची कुबडी आठवली.

डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञ बाईंनी चार दिवसांचं खाणं वहीत लिहून आणायला सांगितलं. मी छाती ठोकून म्हणाले, "मी गोड खातच नाही." वही मात्र वेगळंच सांगत होती. सकाळी चहा-खारी, शाळेत पोहे किंवा उपमा, दुपारी तीन चपात्या, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री पुन्हा चपाती आणि वर भात. घरच्यांचं जेवून झाल्यावर पातेल्यात उरलेला भातही मीच संपवायची, अन्न वाया जायला नको म्हणून. माझ्यासारख्या किती जणी हेच करत असतील.

आपल्याकडे एक समज पक्का आहे की शुगरवाल्यांनी भाकरी खावी, भाकरीनं काही होत नाही. ज्वारी असो, गहू असो की तांदूळ, शंभर ग्रॅम धान्यात साधारण ६५ ते ८० ग्रॅम कर्बोदकंच असतात. भाकरीत भातापेक्षा तंतू जास्त, पण चार भाकऱ्या त्या चार भाकऱ्याच. साखरेऐवजी गूळ घातल्यानंही काही वाचत नाही.

मग ताट बदललं. अर्धं ताट मेथी, दोडका, कोबी, काकडी. एक वाटी मसूर किंवा चवळीची आमटी. दोन अंडी किंवा तळहाताएवढी मासळी, कधी चिकन. पातळ भाकरी एकच. भात फक्त शुक्रवारी, तोही चार चमचे. बिस्किटं बंद. शिवाय रोज चाळीस मिनिटं चालणं.

दहाव्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना हात थरथरू लागला, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर ५८! मी खाणं कमी केलं होतं, पण गोळी तीच चालू होती. माझ्या दोन गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. डॉक्टरांनी ती बंद केली. हे खरं तर ताट बदलण्याच्या आधीच त्यांना विचारायला हवं होतं.

नऊ महिन्यांत तेरा किलो वजन उतरलं, एचबीएवनसी ६.१ वर आलं, जखम तर कधीच भरली होती. पुढे मेटफॉर्मिनही थांबवली. वर्षभर गोळीशिवाय होते. मग एक रमजान, एक ईद आणि घरातली दोन लग्नं लागोपाठ आली आणि आकडा ६.८ झाला. गोळी पुन्हा सुरू झाली. तज्ज्ञांनी २०२१ साली ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे औषध थांबवल्यावर किमान तीन महिने आकडा ६.५ च्या खाली राहिला, तरच आजार माघारी गेला म्हणायचं. त्यांनीही 'बरा झाला' हा शब्द वापरलेला नाही. मी कोणत्या तोंडानं वापरू?

हा शब्द किती महाग पडतो, तेही मी पाहिलं आहे. माझ्या एका चुलत दिरांना इन्सुलिन चालू होतं. माझं ऐकून त्यांनी भात सोडला आणि सोबत कुणाला न विचारता इन्सुलिनही सोडलं. पाचव्या दिवशी उलट्या, धाप, रक्तात आम्ल वाढलेलं. चार दिवस आयसीयूत होते. भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "भाभी, तुम्हीच तर म्हणाला होतात, खाण्यानं शुगर जाते." मी तसं म्हणाले होते, आणि गोळ्यांची हकीकत सांगायची राहिली होती. ज्यांचा मधुमेह टाइप वन प्रकारचा आहे, त्यांचं तर इन्सुलिनवाचून एक दिवसही भागत नाही.

म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार खोटा आहे का? मुळीच नाही. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सहा महिन्यांनी असा आहार घेणाऱ्या शंभरांतल्या ५७ जणांचा आकडा ६.५ च्या खाली आला होता, इतर आहार घेणाऱ्यांत ३१ जणांचा. त्यातल्या काहींच्या गोळ्या चालू होत्या. पण वर्ष झालं की हा फरक बराच ओसरतो, असंही त्याच आढाव्यात आहे. ब्रिटनमधल्या आणखी एका चाचणीत, डायरेक्टमध्ये, अगदी कमी कॅलरीच्या आहारानं वजन उतरवल्यावर ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षअखेरीस माघारी गेला होता. दुसऱ्या वर्षाअखेर ते ३६ टक्के उरले.

हे आकडे वाचताना मला आमचा दस्तरख्वान आठवतो. सहा महिने माणूस जिद्दीनं निभावतो. मग दावती येतात. "एक दिवसानं काय होतंय?" म्हणत यजमान ताटात बिर्याणी वाढतात, वर जर्दा. नको म्हटलं तर माणूस गर्विष्ठ ठरतो. इफ्तारला खजुरामागोमाग सरबत, भजी, समोसे आणि कापलेली फळं येतात. मी आता एका खजुरावर रोजा सोडते आणि पाणी पिते. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाते. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हे आमचं ठरलेलं आहे. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत दीननंच दिली आहे. ती नाकारण्यात कसली बहादुरी?

आणि ज्यांच्याकडे निवडीला वावच नाही त्यांचं काय? आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही मधुमेह आहे. त्या मला म्हणाल्या, "टीचर, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. रोज अंडी कुठून आणू?" अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते पोट भरतं; पण मधुमेह झालेल्या बाईला त्याच धान्यावर निभवावं लागतं. मी त्यांना मसूर, चवळी, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी असं काही सुचवलं. पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं. कमी भाताचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न एकदा ऐकावा.

उर्दूत 'परहेज' म्हणजे दूर राहणं. मराठीतला 'पथ्य' शब्द वाटेवरून आला आहे: त्या वाटेला जे मानवतं ते. मला मराठी शब्द जास्त पटतो, कारण वाटेवर सोबत लागते. माझ्या सासूबाई आता माझ्यासाठी बिर्याणीतल्या बोट्या आधीच वेगळ्या काढून ठेवतात, न बोलता. माझ्या ६.१ मध्ये त्यांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा वाचकांना दोनच विनंत्या. ताट बदलायचं असेल तर आधी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि पुढच्या दावतीत कुणी "बस" म्हणालं, तर पळी मागे घ्या.