कुंपणातले स्वावलंबन
दुष्काळात आपल्या कुटुंबापुरती स्वयंपूर्ण वाडी उभारावी, असा उपदेश बीडच्या शेतकऱ्याला केला जातो. उपदेश गोड आहे. पण बालाघाटच्या खडकातले पाणी कुंपण मानीत नाही. ज्याची कूपनलिका खोल त्याची वाडी हिरवी, शेजाऱ्याची विहीर कोरडी! मग त्या विहिरीचा धनी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो. भूमिहीन तर आधीच गेलेला असतो. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात वेगळा न्याय रूढ केला : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणशी अर्ध्या एकराचे, भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई. खरा आसरा एकट्याच्या वाडीत नसून पाण्याच्या समान वाटपात आहे. बीडमध्ये कार्यकर्त्यांनी हीच मागणी लावून धरली पाहिजे.