सातवीच्या वर्गात मार्लीचे भूत

भुताची गोष्ट शाळेत शिकवावी का, असे विचारले की दोन बाजूंनी हरकत येते. आईवडील म्हणतात, मुले घाबरतील. शिक्षक म्हणतात, अंधश्रद्धा वाढेल. गंमत अशी की, हीच मंडळी वीज गेली की पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सर्वांत रंगवून सांगतात.

माझे मत असे की सहावी-सातवीच्या मुलांना एक अख्खी भुताची कादंबरी शिकवावीच, आणि ती चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' असावी. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वाङ्मयाच्या प्रांतातील माझी ही लुडबूड प्राध्यापक मंडळींनी चालवून घ्यावी. पण या कादंबरीतले भूत आमच्याच शाखेचे आहे! जेकब मार्ली हा स्क्रूजचा भागीदार. मरून सात वर्षे झाली तरी दुकानावरची पाटी दोघांच्या नावाची. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, भागीदार मेला की भागीदारी संपते. इथे ती संपत नाही. मार्ली येतो तो कमरेला साखळी बांधून, आणि त्या साखळीत हाडे-कवट्या नाहीत. गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपे, खातेवह्या, दस्तऐवज आणि पैशाच्या जड थैल्या आहेत. अंग इतके पारदर्शक की कोटाची मागची दोन बटणे पुढून दिसतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सात मुलांना मी हे पुस्तक वाचून दाखविले. हातात इंग्रजी, तोंडाने मराठी, आणि दोघे कन्नड माध्यमाचे म्हणून मधूनमधून कन्नड. पुस्तकाचे भाग पाच. दर शनिवारी एक. बटणांपाशी मुले हसली आणि साखळीपाशी गप्प झाली. भीती वाटली का? वाटली. पण सातजण मांडीला मांडी लावून बसले असताना वाटणारी भीती निराळी असते. ती मुलांना हवी असते, आणि पुढच्या शनिवारी तीच त्यांना परत आणते. परिच्छेदाखालच्या प्रश्नोत्तरांसाठी कोणी धावत येत नाही.

आता अंधश्रद्धेची हरकत. ती मी हलकी मानत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राने आणि २०१७ मध्ये कर्नाटकाने अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. पण हे कायदे भुताच्या नावावर माणसाला लुबाडणाऱ्या, मारझोड करणाऱ्या मांत्रिकाविरुद्ध आहेत, गोष्टीविरुद्ध नव्हेत. मांत्रिक म्हणतो, शंका घेऊ नकोस. डिकन्सचा स्क्रूज तर भुताच्या तोंडावर शंका घेतो: तू भूत कसला, मला न पचलेला मांसाचा तुकडा किंवा कच्चा राहिलेला बटाटा असशील! ज्या पुस्तकात भुताला अपचन ठरविण्याची सोय आहे, त्याने मुले भाबडी होतील असे मला वाटत नाही.

(१९९० च्या दशकात बंगळूरकडे लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहीत. भूत ते वाचून परत जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. 'आज रोख, उद्या उधार' ही किराणा दुकानातली पाटी याच जातीची. ही गोष्ट आमच्या कन्नड विभागातील कोणी सविस्तर लिहावी.)

नाताळचे पुस्तक आपल्या मुलांना परके वाटेल, असेही एकजण म्हणाले. क्रॅचिटच्या घरी भट्टी नसते, म्हणून सणाचा हंस भाजायला बेकरीत पाठवितात. आमच्याकडे दिवाळीत नानकटाईचे डबे बेकरीत जातातच. मुलांना काही समजावून सांगावे लागले नाही.

आणि हिशेब तर या पुस्तकात पानोपानी आहे. १९ डिसेंबर १८४३ ला ते निघाले. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६००० प्रती संपल्या. किंमत ५ शिलिंग. बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा पगार १५ शिलिंग. म्हणजे ज्याची ही कहाणी, त्याला ती विकत घ्यायला पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता! पहिल्या आवृत्तीतून डिकन्सने १००० पौंडांची आशा धरली होती. छपाई-बांधणीचा खर्च इतका वाढला की हाती आले २३०. खप आणि नफा यांतला फरक मी मुलांना यावरून शिकविला.

शिक्षकांना एकच विनंती: संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. मी पाहिलेल्या एका आवृत्तीत दुसऱ्या भुताच्या झग्याखालची दोन खंगलेली पोरे गाळलेली होती. मुलाचे नाव अज्ञान, मुलीचे गरज. आणि भूत बजावते की मुलाला अधिक भ्या. डिकन्स त्या वर्षी लंडनच्या फील्ड लेनमधील अनाथ-गरिबांची शाळा पाहून आला होता. तो पत्रक काढणार होता, त्याऐवजी भुताची गोष्ट लिहिली. पोरे गाळली की उरतो तो कंजूष म्हातारा सुधारल्याचा बोधपाठ. मग 'स्क्रूजच्या स्वभावात कोणता बदल झाला? गुण ५' हा प्रश्न आलाच.

मी तो प्रश्न विचारला नाही. आपापल्या घरची साखळी लिहून आणा, एवढेच सांगितले. कोणी मोबाईल लिहिला, कोणी दुचाकीच्या हप्त्याचे कार्ड. सातवीतल्या एका मुलीने आईच्या बचत गटाचे पासबुक लिहिले आणि विचारले, "दादा, साखळी कर्ज देणाऱ्याच्या कमरेला असते की घेणाऱ्याच्या?" पुस्तकात ती देणाऱ्याच्या कमरेला आहे. पुढच्या शनिवारी मी तिला सांगितले की १८२४ मध्ये डिकन्सचे वडील देण्यापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या.