बांधावरची बाभळ आणि पेट्रोलची करवत

बांधावरच्या बाभळीची सावली दोन्हीकडच्या उसाला मारते. कुऱ्हाडीचा गडी वेळेला मिळत नाही, म्हणून पेट्रोलच्या साखळी करवतीकडे ओढा वाढला. यंत्र वाईट नाही. परंतु दुकानात शिरताच सर्वांत लांब पात्याकडे बोट दाखवायची आपली खोड वाईट! जळणाला 16 ते 18 इंची पाते पुष्कळ झाले. लांब पाते जड, हात लवकर भरून येतात. फिरत्या पात्याचे टोक लाकडाला टेकले की करवत क्षणात उलटून तोंडावर येते. तेव्हा साखळीचा ब्रेक चालतो ना, हे पैसे मोजण्याआधी पाहावे. पेट्रोलात टू-स्ट्रोक तेल कंपनी सांगेल त्याच मापाने घालावे, नाहीतर इंजिन जाम. वाळली बाभळ धार खाते. किसाऐवजी पीठ पडू लागले की कानस घ्या. आणि पायात चप्पल, गळ्यात टॉवेल हा वेश या कामाचा नव्हे.

आंबा, फणस, चिंच, साग मात्र स्वतःच्या रानातले असले तरी 1964 च्या कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आमचे मत विचाराल, तर वर्षात आठ दिवस लागणारी करवत चौघा भावकीत एकच घ्यावी, आणि चालवणारा शिकलेला एकच ठेवावा.