इंग्रजी वाक्प्रचार : ‘टु डिग इन वन्स हील्स’

रस्सीखेचीचा सामना आपण पाहिलाच असेल. समोरून जोराची ओढ येऊ लागली की खेळाडू अंग मागे झोकून टाचा मातीत रुतवतात; मग त्यांना तसूभरही पुढे खेचणे कठीण होते. ‘टु डिग इन वन्स हील्स’ या वाक्प्रचाराचा अर्थ ध्यानी ठेवण्यास हे चित्र पुरेसे आहे. कितीही दडपण आले तरी निश्चयापासून न ढळणे, हा त्याचा आशय. त्याचे शब्दशः भाषांतर मात्र करू नये. मराठीत माणूस टाचा घासतो तो हालअपेष्टांत. येथे ‘पाय रोवून उभे राहणे’ हाच प्रयोग शोभतो.

बंगळूरचे एक उदाहरण पाहा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी तेथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, केवळ स्त्री म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. इंग्रजीत म्हणावे, ‘शी डग इन हर हील्स’. ‘डिग’चे भूतकाळी रूप ‘डग’. आणि ‘वन्स’च्या जागी कर्त्याप्रमाणे ‘माय’, ‘हिज’, ‘हर’, ‘देअर’ यांपैकी योग्य तो शब्द येतो.

अखेर एक वर्षाच्या अजमावणीवर प्रवेश मिळाला. त्यांच्या वावराने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू नये, अशीही एक अट होती. ती त्यांनी सोसली. शिकण्याचा हक्क मात्र सोडला नाही. त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले, प्रवेश कायम झाला आणि पुढे इतर मुलींनाही ते दार उघडले. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. विवाहानंतर त्या कमला सोहोनी या नावाने ख्यातनाम झाल्या.

हा वाक्प्रचार स्तुतीचा तसाच निंदेचाही असतो. न्याय्य हक्कासाठी झगडणारी विद्यार्थिनी आणि वीतभर बांधासाठी भावाशी अबोला धरणारा गृहस्थ, दोघांनाही इंग्रजीत तो लागू पडतो. मराठी मात्र एकीला निग्रही म्हणेल, दुसऱ्याला हट्टी. म्हणून भाषांतरापूर्वी पाय कशासाठी रोवले आहेत, ते आधी पाहावे.

आता ‘द चाइल्ड डग इन हिज हील्स अँड रिफ्यूज्ड टु ईट’ हे वाक्य घरातील मुलांकडून मराठीत करवून घ्या.