हातभट्टी आणि मिथेनॉल
काळा गूळ व नवसागर पिंपात कुजवून गाळलेली हातभट्टीची दारू संसाराची राखरांगोळी करते हे खरे असले, तरी २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभरांहून अधिक माणसे दगावली, तो प्रताप भट्टीचा नसून कारखान्यांसाठी असलेल्या मिथेनॉलचा होता. पिणाऱ्यास चवीवरून न उमगणाऱ्या या द्रव्याचे यकृतात फॉर्मिक आम्ल बनते, आणि कित्येक तासांनी डोळ्यांपुढे धुके दाटू लागते, तेव्हा नशा अद्याप उतरली नाही अशा समजुतीने घरचे स्वस्थ बसतात व उपचाराची वेळ निघून जाते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये भट्ट्या फोडून पंचनामे करणाऱ्या अंमलदारांनी मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा हिशेब तितक्याच कसोशीने घेतला, तर पुष्कळांची स्मशानाची वाट चुकेल.