घरांतील यंत्रें : मोटारीची बॅटरी

दसऱ्यास मोटारीला झेंडूचा हार घालावयास आपण विसरत नाहीं. परंतु तिच्या बॅटरीची विचारपूस क्वचितच करितों. मग एखाद्या रात्रीं घरांतील वडील माणसास इस्पितळांत न्यावयाचें असतां किल्ली फिरवावी, तों गाडी नुसती खटखट करून स्वस्थ बसते! हा प्रसंग बहुधा टाळतां येतो.

१८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिसें व गंधकाम्ल यांचा जो विद्युत्घट तयार केला, त्याचीच सुधारलेली आवृत्ति आपल्या बहुतेक गाड्यांत आहे. पूर्ण भरलेल्या व कांहीं तास विसावलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, तो १२.२ च्या आसपास उतरला तर ती निम्मी रिकामी झाली असें समजावें.

नवी घेतांना आकार, अँपिअर-तास व टर्मिनलांची बाजू हीं गाडीच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावींत. बनावटीची तारीखहि वाचावी. कारण दुकानांत पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते. गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवूं नये. पाणी घालण्याची सोय असल्यास पट्ट्या नेहमीं बुडालेल्या असाव्यात; मात्र पाणी डिस्टिल्डच घालावें. नळाच्या पाण्यांतील क्षार पट्ट्यांस बाधतात.

आतां मुख्य सावधगिरी. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनेंहि पेट घेतो. म्हणून जवळ काडी ओढूं नये. हात लावण्यापूर्वीं आंगठ्या, धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. दोन्ही टर्मिनलांस धातु एकदम टेकल्यास तो क्षणांत लाल होतो. ऋण टर्मिनल आधीं सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. म्हणजे पाना गाडीच्या सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. अम्ल डोळ्यांत गेल्यास चोळूं नये. निदान पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गांठावा.

जुनी बॅटरी माळ्यावर टाकूं नये, कीं भंगारवाल्यास देऊं नये. तींतील शिसें लहान मुलांच्या मेंदूस घातक आहे. नवी घेतांना ती दुकानदारासच परत करावी. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे.

येत्या दसऱ्यास हार अवश्य घालावा. मात्र बॉनेट उघडें असेल तर निरांजन दूरच ठेवावें. यंत्राची खरी पूजा त्याची निगा राखण्यांतच आहे.